गिअरबॉक्स मराठीत उघडता येतो

‘मराठी टिकेल का?’ हा विषय आपल्या वाङ्मय मंडळात वर्षातून एकदा तरी येतोच. कुणी पाट्यांबद्दल बोलतं, कुणी शाळांबद्दल, कुणी वाचक कमी झाल्याबद्दल. बेळगावात राहून हा विषय टाळता येत नाही, आणि टाळूही नये. पण या चर्चेत एक गोष्ट नेहमी राहून जाते. आपण भाषेचा विचार करतो तो फक्त व्यासपीठावरून. हाताला काळं तेल लागलेला माणूस शेजारच्या पोराला ‘आता हे असं फिरवून बसव’ म्हणून सांगतो, तेव्हा तीही मराठीच असते. आणि ती मराठी कुठेच लिहिली जात नाही.

म्हणून यंदा मी एक विचित्र वाटेल असं मत मांडते आहे. मोटारीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घरच्या अंगणात खोलून, दुरुस्त करून, परत बांधता येतो. ते काम पहिल्या बोल्टपासून शेवटच्या बोल्टपर्यंत मराठीत सांगता येतं. आणि ते लिहून काढणं हे इंजिनिअरिंगवाल्यांचं नाही, आपल्यासारख्या वाङ्मय मंडळाचं काम आहे.

हे मला कसं सुचलं, ते थोडक्यात. माझ्या मामांकडे एक जुनी पेट्रोल गाडी आहे, चार गिअरची ऑटोमॅटिक. गेल्या वर्षी ती तिसऱ्या गिअरला दगा द्यायला लागली. पाय दाबला की इंजिन रेस घ्यायचं, पण गाडी उचल खायची नाही. सर्व्हिस सेंटरने गिअरबॉक्स न उघडताच सांगितलं, ‘पूर्ण युनिट बदला.’ कोटेशन जवळजवळ गाडीच्या किमतीइतकं होतं. आत नेमकं काय बिघडलंय, असं मामांनी विचारलं, तर उत्तर आलं, ‘ते आम्ही उघडत नाही.’ मग मामांनी त्यांच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींना घरी बोलावलं आणि दोघांनी मिळून महिनाभर रविवारी-रविवारी ते काम केलं. मी टिपणं काढायला बसत होते.

आता ज्यांनी कधी बॉनेट उघडलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं. ऑटोमॅटिक म्हणून आपल्याकडे तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओतून जी एएमटी आली, ती म्हणजे साधा हाताचाच गिअरबॉक्स. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम त्यात यंत्र करतं, एवढंच. मी बोलते आहे ती जुनी, टॉर्क कन्व्हर्टरची जात. पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा पहिला मोठा कारखानी अवतार म्हणजे जनरल मोटर्सची हायड्रामॅटिक, १९४० सालच्या ओल्ड्समोबील गाड्यांत आलेली; टॉर्क कन्व्हर्टर मात्र तिच्यात नव्हता.

टॉर्क कन्व्हर्टर समजायला सोपा आहे. दोन पंखे समोरासमोर ठेवा. एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरायला लागतो. इथे वाऱ्याच्या जागी तेल आहे. एक पंखा इंजिनला जोडलेला, दुसरा गिअरबॉक्सला. मध्ये तिसरं एक छोटं चाक तेलाचा झोत वळवून परत कामाला लावतं, त्यामुळे गाडी सुटताना ताकद वाढते. इंजिन चालू ठेवून गाडी सिग्नलला उभी राहू शकते ती याच तेलाच्या सैल मैत्रीमुळे.

त्याच्या मागे असतात दातेचक्रं, आणि ती मला फार सुंदर वाटली. मध्ये एक सूर्य, त्याच्याभोवती फिरणारे ग्रह, आणि सगळ्यांना वेढणारं, आतून दाते असलेलं कडं. हे शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही, तंत्रज्ञांनीच ती नावं दिली आहेत. सूर्याला धरून ठेवलं आणि कडं फिरवलं, तर ग्रहांची चौकट हळू पण जोराने फिरते. ग्रहांची चौकट धरून ठेवून सूर्य फिरवला, तर कडं उलटं फिरतं, म्हणजे रिव्हर्स. कुठलेही दोन एकमेकांना बांधले, तर सगळी टोळी एकसाथ फिरते. दाते कधीच सुटत नाहीत, गिअर ‘पडत’ नाही. बदलतं ते एवढंच, की कुणाला धरायचं आणि कुणाला सोडायचं.

हे धरण्याचं काम क्लचच्या चळती करतात. एक घर्षणाची चकती, एक पोलादाची, पुन्हा घर्षणाची, पुन्हा पोलादाची. मागून तेलाच्या दाबाने पिस्टन ढकलला की चळत आवळली जाते. कुठली चळत कधी आवळायची, हे ठरवते वॉल्व्ह बॉडी. हा अ‍ॅल्युमिनियमचा एक चपटा ठोकळा असतो, त्यात चक्रव्यूहासारखे पन्हाळ कोरलेले, आत बारीक दट्टे, स्प्रिंगा आणि छर्रे. जुन्या गिअरबॉक्समध्ये कॉम्प्युटर नव्हता, हा ठोकळाच विचार करायचा. एका बाजूने गाडीच्या वेगाप्रमाणे वाढणारा तेलाचा दाब, दुसऱ्या बाजूने तुम्ही पाय किती दाबलाय त्याचा दाब. वेगाचा दाब जिंकला की दट्टा सरकतो आणि वरचा गिअर पडतो. चढावर पाय जास्त दाबला की गिअर उशिरा का बदलतो, याचं उत्तर या दोन दाबांच्या रेटारेटीत आहे.

मामांच्या गाडीचं तेल काढलं तेव्हा त्याला जळका वास होता आणि रंग काळपट झाला होता. खालच्या तसराळ्यात चुंबकावर राखाडी लगदा होता. मेस्त्री म्हणाले, ‘लगदा असतोयच. चुरा दिसला तर घाबरायचं.’ उघडल्यावर तिसऱ्या गिअरची चळत जळलेली निघाली. चकत्या बदलून मोकळं होता आलं असतं. पण मेस्त्रींनी चकत्या बाजूला ठेवल्या आणि पिस्टनचं रबरी सील बोटात धरून वाकवलं. ते लाकडासारखं कडक झालं होतं. सील कडक झालं म्हणून तेल निसटत होतं, तेल निसटत होतं म्हणून दाब कमी पडत होता, दाब कमी म्हणून चळत घट्ट आवळली जात नव्हती, आणि सैल चळत घसरून घसरून जळली. नुसत्या चकत्या बदलल्या असत्या तर त्या पुन्हा जळल्या असत्या.

इथे मला आपला साहित्याचा वर्ग आठवला. एखाद्या कथेत पात्र शेवटी तसं का वागलं, हे शोधताना आपण हेच करतो. शेवटच्या पानावरची जळलेली चकती दाखवून थांबत नाही, मागे जातो. ‘युनिट बदला’ म्हणणारा माणूस वाचतच नसतो. मेस्त्री वाचत होते.

अमेरिकेत हे घरी करायची जुनी परंपरा आहे. तिथे जनरल मोटर्सची टर्बो-हायड्रामॅटिक ३५० ही १९६९ च्या मॉडेलपासून आलेली तीन गिअरची पेटी शिकाऊ लोकांची आवडती आहे, कारण तिच्यात इलेक्ट्रॉनिक काही नाही, आणि सील, चकत्या, गॅस्केट यांचा संच एका खोक्यात मिळतो. पण माझ्या मते तिथल्या शिकाऊ माणसाला खरा आधार आहे तो छापील पुस्तकाचा. घरी बसून काम करणाऱ्यासाठी, चित्रांसकट, पायरीपायरीने लिहिलेली पुस्तकं त्याच्या भाषेत आहेत. आपल्या मुलाकडे मेस्त्री असतात, नशीब असेल तर. मेस्त्री गेले की पुस्तकही गेलं. आपल्या ग्रंथालयाच्या मराठी कपाटात कादंबऱ्या आहेत, चरित्रं आहेत, समीक्षा आहे, पण मोटारदुरुस्तीवर एक पुस्तक नाही.

यात भाषाप्रेमापेक्षा जास्त काही अडकलेलं आहे. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून जास्त दंड सुनावला होता. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची साधनं बाहेरच्या स्वतंत्र गॅरेजवाल्यांना मोकळेपणाने मिळत नव्हती, हे त्यामागचं कारण. त्यावर पुढे अपिलं झाली. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली, आणि त्यात शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं यांच्याबरोबर वाहनंही घेतली. हे चांगलंच झालं. पण समजा, उद्या सगळ्या कंपन्यांनी सगळी माहितीपत्रकं खुली केली. ती इंग्रजीत असतील. सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकून गॅरेजला लागलेल्या पोराच्या हातात ती पडली तर त्याचा हक्क कागदावरच राहणार. त्याच्यासाठी कुलूप दोनदा लागलेलं आहे, एकदा कंपनीचं आणि एकदा भाषेचं. दुसरं कुलूप आपण उघडू शकतो.

आता मला विचारलेले आक्षेप घेते.

पहिला आक्षेप: ‘अगं, त्यात मराठी आहेच कुठे? क्लच, पिस्टन, सील, सगळे इंग्रजीच शब्द.’ खरंय. आणि ते तसेच राहू देत. पिस्टनला संस्कृत नाव ठेवून मेस्त्रींना हसू येईल, दुसरं काही होणार नाही. पण वाक्य नामांवर चालत नाही, क्रियापदांवर चालतं. मी काढलेल्या टिपणांत बघा: बसवणे, चढवणे, आवळणे, सैल सोडणे, निसटणे, झिजणे, अडकणे, घासणे, ओढ लागणे, आटे जाणे. ‘पूर्ण बसलं’ आणि ‘बसल्यासारखं झालं’ यात जो फरक आहे, तो त्या कामात हजारोंचा असतो. टॉर्क कन्व्हर्टर परत चढवताना तो फिरवत फिरवत आत ढकलावा लागतो. तो टप्प्याटप्प्याने आत जातो आणि शेवटच्या टप्प्याला पंपाच्या खाचेत बसतो. तो बसल्यासारखा वाटला म्हणून बोल्ट आवळले, तर पंप फुटतो आणि सगळं काम पुन्हा खोलावं लागतं. ‘बसल्यासारखा’ हा शब्द ज्या भाषेत आहे त्या भाषेत ही सूचना इंग्रजीपेक्षा चांगली लिहिता येते, असं माझं म्हणणं आहे.

दुसरा आक्षेप: ‘हे धोक्याचं आहे, मुलांनी करू नये.’ यातला पहिला भाग मला शंभर टक्के मान्य आहे. गाडी नुसत्या जॅकवर उचलून कुणीही खाली शिरू नये. सपाट, पक्की जमीन, चाकांना अडण आणि भक्कम घोड्या हव्यातच. गिअरबॉक्स जड असतो, तो उतरवायला एक माणूस पुरत नाही. चळतीमागच्या स्प्रिंगा दाबलेल्या असतात. त्या दाबून धरायचं साधन नसताना लॉक काढलं तर ते उडून डोळ्यात जातं, म्हणून चष्मा हवा. आणि प्रत्येक पेटी घरी उघडण्यासारखी नसतेही. पट्ट्यावर चालणारी सीव्हीटी किंवा दोन क्लचची डीसीटी यांना खास अवजारं लागतात, नंतर कॉम्प्युटरवर जुळणीही करावी लागते. घरी काय करायचं नाही, हे ज्यात लिहिलेलं नाही ते पुस्तक अपुरं. पण धोका आहे म्हणून लिहायचं नाही, हे मला पटत नाही. ज्याला करायचं आहे तो तरीही करतोच, फक्त अर्धवट ऐकीव माहितीवर करतो.

तिसरा आक्षेप मला जास्त लागला: ‘हे आर्ट्सवाल्यांचं काम नाही.’ याला मी आपल्या गावचंच उत्तर देते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये याच बेळगावात सायकलचं दुकान काढलं. पुढे लोखंडी नांगर आले, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. त्या कारखान्यातून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागलं, शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली. कारखान्याचं ते पत्र वाढत वाढत ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, त्याच घरातून १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ आलं. या मासिकांशिवाय विसाव्या शतकातल्या मराठी वाङ्मयाचा इतिहास सांगता येत नाही. आणि त्यांचं मूळ एका ओतशाळेत आहे. वाङ्मय आणि वंगण यांच्यात भिंत आपण नंतर बांधली.

त्याच्याही मागे जायचं तर १८३१ मध्ये छापलेला मोल्सवर्थचा कोश उघडा. ग्रंथातल्या शब्दांबरोबर शेतकऱ्याचे, कारागिराचे, बाजारातले शब्द त्यात गोळा केलेले आहेत. ज्या काळात ते शब्द ‘गावंढळ’ समजले जात, त्या काळात ते कोशात बसले, म्हणून आज आपल्याला सापडतात. उद्यमबागेत आज हायड्रॉलिकचे भाग बनतात, ओतकाम होतं, लेथ चालतात. तिथे मराठी, कन्नड, हिंदी एकमेकांत मिसळून जे शब्द रोज तयार होतात ते कोण टिपतंय? मामांकडे आलेले मेस्त्री घरी कन्नड बोलतात. काम त्यांनी शिकवलं मराठीत, आणि त्यांच्या तोंडची काही क्रियापदं अर्धी कन्नड होती. ती मी तशीच लिहून ठेवली आहेत. सीमाभागात राहण्याचं हे आपलं धन आहे. भांडणाच्या वेळी आपण ते विसरतो.

आणि आपलं कॉलेज ज्याच्या नावाने चालतं, तो सुताराच्या घरात वाढला आणि गावाने त्याला सुतार म्हणूनच ओळखलं. हाताचं काम खालचं, हे इथे तरी कुणी म्हणू नये.

मेस्त्रींचाही एक आक्षेप होता, तो सगळ्यांत अवघड. मला वहीत लिहिताना बघून ते म्हणाले, ‘पोरी, लिहून काय हुतंय? बोटाला कळाय पायजे.’ मी म्हटलं, ‘काका, तुमच्या बोटाला कळलंय ते पुढच्याला कसं कळणार?’ ते हसले, आणि पुढचं सील मला सावकाश दाखवून बसवलं. सीलची ओठासारखी कड नेहमी दाबाच्या तेलाकडे तोंड करून बसते. उलटी बसली तर तेल सरळ निघून जातं. नव्या चकत्या चढवण्याआधी गिअरच्या तेलात भिजत ठेवायच्या, कोरड्या चढवल्या तर पहिल्याच आवळणीत करपतात. छर्रे आणि वायसर जागेवर धरून ठेवायला व्हॅसलीन वापरायचं, साधं ग्रीस नाही. व्हॅसलीन गरम तेलात विरघळतं, ग्रीस पन्हाळात अडकतं. पुसायला सूत सुटणारं फडकं घ्यायचं नाही, एक धागा दट्टा अडकवायला पुरतो. चळत बांधून झाली की तेलाच्या भोकात हवा मारायची. ‘थुप्’ असा भरीव आवाज आला तर पिस्टन सरकला, ‘फुस्स’ आलं तर सील गेलं.

बोटाचं ज्ञान शब्दात पूर्ण येत नाही, हे मेस्त्रींचं म्हणणं खरं आहे. पण वरचा परिच्छेद वाचून तुमच्यातल्या कुणीही ग्रीसऐवजी व्हॅसलीन घेईल, आणि का घेतलं तेही सांगू शकेल. तेवढं तर शब्दांनी पोचवलं ना?

मला वाटतं, असं लिहिणं हे गद्याचं सर्वांत कडक शिक्षण आहे. ‘डावीकडचा बोल्ट आधी सोडा’ असं मी पहिल्या मसुद्यात लिहिलं, आणि मामांनी लगेच विचारलं, ‘डावीकडे म्हणजे कुणाच्या? सीटवर बसलेल्याच्या, की समोर उभा राहून बॉनेटमध्ये बघणाऱ्याच्या?’ निबंधात असं वाक्य खपून जातं. इथे वाक्य चुकलं की तेल गळतं. आपल्या लिखाणाला इतका प्रामाणिक परीक्षक दुसरा कुठला मिळणार?

म्हणून मंडळापुढे माझी सूचना अशी. या वर्षापासून प्रत्येक सभासदाने एका हात-कामगारासोबत बसावं. मोटार मेस्त्री, शिंपी, ओतकाम करणारा, पंप दुरुस्त करणारा, घरातली लोणचं घालणारी आजीसुद्धा चालेल. त्यांचं एक काम, त्यांच्याच शब्दांत, अथपासून इतिपर्यंत लिहावं. कुठला शब्द मराठी, कुठला कन्नड, कुठला इंग्रजी याची सोवळी निवड करू नये. ज्यांच्याकडून घेतलं त्यांना वाचून दाखवावं, त्यांना पटल्याशिवाय छापू नये. आणि मग ते लिखाण दुसऱ्या सभासदाला द्यावं. त्याने फक्त वाचून ते काम करून बघावं. जिथे तो अडला, तिथे आपलं वाक्य दुरुस्त करायचं.

माझी वही तयार आहे. त्यात गिअरबॉक्स उतरवण्यापासून रस्त्यावर चाचणी घेण्यापर्यंतच्या पायऱ्या आहेत, चित्रं मामांनी काढली आहेत. मामांची गाडी आता चोर्ला घाट तिसऱ्या गिअरला न घसरता चढते, ही तिची शिफारस. वही पुढच्या महिन्यात मंडळाच्या कपाटात ठेवणार आहे, कादंबऱ्यांच्या शेजारी. ती एकटी पडू नये, एवढं बघा.